२५ मार्कांच्या पर्यावरण प्रोजेक्टमधून कोल्हापूरच्या पुराचा नकाशा तयार होऊ शकतो का?

कोल्हापुरात जोराचा पाऊस झाला की राजारामपुरीतून स्टँडकडे निघालेला माणूस आधी एकच चौकशी करतो. परीख पुलाखाली पाणी आहे का?

रेल्वे रुळांखालून जाणारा हा रस्ता तुंबला की लांबचा वळसा पडतो. थोड्या वेळानं पाणी ओसरतं आणि विषय तिथंच संपतो. किती पावसाला किती पाणी साचलं, ते किती वेळ राहिलं, हे आसपासच्या दुकानदारांना तोंडपाठ असतं. पण नकाशावर ही माहिती क्वचितच सापडते.

आता २०१९ चा महापूर आठवा. तेव्हा उपग्रहावरून काढलेली चित्रं अनेकांच्या फोनवर आली होती. नदीचं पात्र सोडून सगळीकडे पसरलेलं पाणी त्यात स्पष्ट दिसत होतं. पण तशा चित्रात परीख पुलाखालचं पाणी कधीच दिसणार नाही.

अवकाशातून दिसणारा पूर आणि गल्लीत अनुभवायला येणारं पाणी, यांच्यात एवढं अंतर आहे. हे अंतर कमी करू शकेल अशी एक गोष्ट आपल्या कॉलेजांमध्ये दरवर्षी घडते, पण तिच्याकडे कुणी गांभीर्यानं बघत नाही. ती म्हणजे पर्यावरणाचं प्रोजेक्ट.

हे प्रोजेक्ट आलं कुठून?

पर्यावरण हा विषय सक्तीचा होण्यामागे एक जनहित याचिका आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये आदेश दिला की शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर पर्यावरण शिकवलं गेलं पाहिजे. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिलं.

या अभ्यासक्रमात १०० पैकी ७५ मार्क लेखी परीक्षेला आणि २५ मार्क क्षेत्रकार्याला होते. क्षेत्रकार्यात काय करायचं तेही लिहिलेलं होतं. जवळची नदी, जंगल किंवा डोंगर बघून त्याची नोंद करा. जवळचं एखादं प्रदूषित ठिकाण बघा. झाडं, कीटक, पक्षी ओळखा. तळं किंवा नदीची परिसंस्था समजून घ्या.

कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात काय होतं, हे महाराष्ट्रात पदवी घेतलेल्या कुणालाही विचारा. सीनियरची फाइल आणायची, इंटरनेटवरून चार पानं घ्यायची, ध्रुवीय अस्वलाचा रंगीत फोटो लावायचा, स्पायरल बाइंडिंग करायचं आणि सबमिट करायचं. घराशेजारचा नाला मात्र कुठल्याच पानावर नसतो.

आता महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या पदवी अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट यांना स्वतंत्र क्रेडिट आहेत. म्हणजे बाहेर जाऊन काम करणं आता एका विषयाच्या २५ मार्कांपुरतं राहिलेलं नाही. हे तास पुन्हा फायली सजवण्यात घालवायचे की शहराच्या उपयोगाचं काही करायचं, हा प्रश्न म्हणूनच आत्ता महत्त्वाचा आहे.

नकाशा काढणं एवढं सोपं कधी झालं?

वीस वर्षांपूर्वी एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या गावाचा पर्यावरणीय नकाशा काढायचा असता, तर उपग्रहाची चित्रं, महागडं सॉफ्टवेअर आणि सरकारी परवानग्या अशा तीन भिंती समोर होत्या. त्या एकेक करून पडल्या.

अमेरिकेनं १९७२ पासूनची लँडसॅट उपग्रहांची चित्रं २००८ मध्ये सगळ्यांसाठी मोफत केली. इस्रोनं २००९ मध्ये भुवन हे पोर्टल सुरू केलं. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं २०१४ नंतर मोफत मिळू लागली. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला जगाचा नकाशा आहे. त्यात तुमची गल्ली नसेल तर तुम्ही स्वतः ती घालू शकता.

कायद्याची भिंतही खाली आली. केंद्र सरकारनं १५ फेब्रुवारी २०२१ रोजी नवे नियम जाहीर केले. त्यानुसार भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे आणि भौगोलिक माहिती तयार करायला आधी परवानगी घ्यावी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांबाबतची बंधनं तेवढी पाळावी लागतात. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आलं.

थोडक्यात, साधनं हातात आहेत. पण साधन हातात आलं म्हणजे उत्तर हातात आलं असं नाही. कोल्हापूरच्याच उदाहरणांवरून ते नीट समजतं.

उपग्रहाला कोल्हापूरचा पूर कसा दिसतो?

साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढणाऱ्या उपग्रहाला ढगांच्या आरपार दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमक्या पुराच्या दिवसांत, कोल्हापूरवर ढगांचं छप्पर असतं. त्यामुळे पुरासाठी रडारवाले उपग्रह वापरतात. सेंटिनेल-१ हा असाच उपग्रह. तो खाली लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरी मोजतो. शांत, सपाट पाण्यावरून लहरी भलतीकडेच निघून जातात, म्हणून पाणी काळं दिसतं. उघड्या शेतजमिनीत आणि नदीकाठी हे तंत्र छान चालतं.

शहरात मात्र गडबड होते. गल्लीत पाणी असलं तरी लहरी आधी पाण्यावर आणि मग घराच्या भिंतीवर आपटून जोरात परत येतात. त्यामुळे पाणी असलेली जागाही उजळ दिसू शकते. म्हणजे शेतातला पूर दिसतो आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतला सुटू शकतो.

दुसरी अडचण वेळेची. उपग्रह त्याच्या ठरलेल्या दिवशीच डोक्यावरून जातो. पुराची सर्वोच्च पातळी मध्यरात्री येऊन गेली आणि उपग्रह दोन दिवसांनी आला, तर त्याला ओसरतं पाणीच दिसणार. परीख पुलाखालचं काही तासांचं पाणी तर त्याच्या हिशेबातच येत नाही.

तिसरी अडचण आकाराची. सेंटिनेल-२ च्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे साधारण एक गुंठा. त्या एका गुंठ्यात घर, अंगण, गटार आणि रस्त्याचा तुकडा असं सगळं असलं, तरी उपग्रह त्याला एकच रंग देतो.

घरबसल्या काढलेला पुराचा नकाशा का फसतो?

अनेक प्रोजेक्टमध्ये एक सोपी युक्ती वापरतात. इंटरनेटवरून जमिनीच्या उंचीचा मोफत नकाशा घ्यायचा, सॉफ्टवेअरमध्ये पाण्याची पातळी टाकायची आणि त्याखालचा सगळा भाग निळा रंगवायचा. दिसायला नकाशा झकास होतो. मार्कही मिळतात.

आता जरा आकडे बघू. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. दोन्हींत फरक ४ फुटांचा, म्हणजे सव्वा मीटरच्या आत. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर. एवढ्या थोड्या फरकावर कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागणार आणि कुणाच्या माळ्यापर्यंत चढणार, हे ठरतं.

उंचीच्या मोफत नकाशांमध्ये मात्र साधारण ३० मीटर बाय ३० मीटरच्या, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांच्या तुकड्याला एकच उंची दिलेली असते. त्यात काही मीटरची चूक सहज असू शकते. शिवाय बऱ्याचदा ती उंची जमिनीची नसून घरांच्या छपरांची आणि झाडांच्या शेंड्यांची असते. सव्वा मीटरचा फरक मोजायला काही मीटरनं चुकणारी पट्टी वापरली तर काय होईल?

बंधाऱ्यावरच्या पट्टीचे फूट म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे, हे विसरलं तर घोळ आणखी वाढतो.

पाणी नेहमी नदीकडूनच येतं असंही नाही. पंचगंगा चढली की शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी नदीत जाऊ शकत नाही आणि ते मागे फुगतं. म्हणून नदीकाठी न राहणाऱ्यांच्या घरातही पूर येतो. आणि परीख पुलासारख्या ठिकाणी नदीचा संबंध नसतानाही पावसाचं पाणी तुंबतं. या तीन प्रकारच्या पाण्यांवर उपायही तीन वेगवेगळे लागतात. नकाशावर तिन्ही एकाच निळ्या रंगात दाखवली, तर उपायही चुकतो.

हिरवं दिसतं ते जंगल असतं का?

हाच घोळ पुराबाहेरच्या विषयांतही होतो. उपग्रहचित्रावरून हिरवाई मोजणं हा विद्यार्थ्यांचा आवडता प्रोजेक्ट. पण कोल्हापूर जिल्ह्यात चित्र बघितलं तर हिरवंगार दिसणाऱ्या भागातला मोठा हिस्सा उसाचा असतो. भरात आलेला ऊस उपग्रहाला दाट झाडीइतकाच हिरवा दिसू शकतो. मग 'हिरवं आच्छादन वाढलं' असा निष्कर्ष निघतो आणि प्रत्यक्षात झाडं तुटून उसाचा फड उभा राहिलेला असतो.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या सड्यांचं उलट होतं. उन्हाळ्यातल्या चित्रात ते उघडेबोडके, पडीक दिसतात. पावसाळ्यात तिथं रानफुलांचा बहर असतो, पण तेव्हा ढगांमुळे चित्रच मिळत नाही. 'पडीक' हा शिक्का एकदा नकाशावर बसला की त्या जमिनीचं काहीही करायला मोकळीक आहे, असं वाटू लागतं.

आणि तळी? पाण्यावर केंदाळ पसरलं की उपग्रहाला तिथं पाणी दिसत नाही, हिरवळ दिसते. सॉफ्टवेअर सांगतं, तलाव आटला. काठावर जाऊन बघणारा सांगतो, तलाव तेवढाच आहे, पण त्यात सांडपाणी येतंय. दोन्ही उत्तरांवरून होणारी कारवाई पूर्ण वेगळी असेल.

मग विद्यार्थ्यांनी नेमकं काय करायचं?

उपग्रहाला जे दिसत नाही, ते गोळा करायचं. त्यासाठी लागतात पाय, मोजपट्टी आणि फोन.

समजा, राजारामपुरी आणि आसपासच्या भागातल्या पाण्याचा नकाशा काढायचा आहे. इथं पत्ता गल्लीच्या नंबरानं सांगतात, त्यामुळे कामाची वाटणीही सोपी. दोघांच्या एका गटाला दोन गल्ल्या.

पहिली पायरी, प्रश्न छोटा ठेवायचा. 'कोल्हापूरचा पूर' हा प्रोजेक्टचा विषय होऊ शकत नाही. 'या चार गल्ल्यांत २०१९, २०२१ आणि गेल्या पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आलं' हा होऊ शकतो.

दुसरी पायरी, लोकांना विचारायचं. पुराची आठवण आकड्यांत नसते. 'तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं', 'मीटरच्या पेटीला लागलं होतं', 'फ्रीज उचलून टेबलावर ठेवला तरी भिजला' अशी असते. ती पायरी, ती पेटी शोधायची आणि रस्त्यापासून तिची उंची टेपनं मोजायची. एकाच ठिकाणासाठी किमान दोन वेगवेगळ्या लोकांना विचारायचं. उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहायची.

तिसरी पायरी, पाणी कुठून आलं ते वेगळं नोंदवायचं. नदीचं, नाल्याचं फुगलेलं की पावसाचं तुंबलेलं? गटाराची झाकणं, मोऱ्या, नाल्यावरचे पूल आणि बुजलेल्या जागाही टिपायच्या.

चौथी पायरी, फोनचं जीपीएस किती चुकतं ते लक्षात ठेवायचं. मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटर, अरुंद गल्लीत त्याहून जास्त. म्हणून फक्त फोनच्या ठिपक्यावर विसंबायचं नाही. कोपऱ्यावरचं दुकान, खांब, देऊळ अशी खूणही लिहायची.

पाचवी पायरी, नकाशावर कुणाचं नाव, फोन नंबर किंवा घर नंबर टाकायचा नाही. नोंद ठिकाणाची करायची, माणसाची नाही.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. आपल्याला काय कळलं नाही, हेही नकाशावर दाखवायचं. ज्या गल्लीत माहिती मिळाली नाही ती पांढरी ठेवायची नाही, कारण बघणाऱ्याला वाटेल तिथं पाणी आलंच नाही. तिला वेगळा रंग द्यायचा.

असं कुठे झालंय का?

हो. टांझानियातल्या दार-एस-सलाम शहरात पुराचा त्रास मोठा आणि वस्त्यांचे नकाशे अपुरे होते. तिथल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये तांदाले या वस्तीचा नकाशा रहिवाशांसोबत फिरून काढला. २०१५ पासून त्याचा मोठा उपक्रम झाला. नाव 'रामानी हुरिया', स्वाहिली भाषेत अर्थ खुला नकाशा. विद्यार्थी आणि स्थानिक लोकांनी गटारं, ओढे, रस्ते, घरं आणि पूर कुठपर्यंत येतो ते ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदवलं.

काठमांडूतही विद्यार्थ्यांनी शहरातल्या इमारती आणि रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवर आणले होते. एप्रिल २०१५ मध्ये भूकंप झाला तेव्हा मदतकार्यात तोच नकाशा कामी आला.

दोन्हीकडे उपग्रहचित्रं वापरली होतीच. पण ती कामाची सुरुवात होती. नकाशा पूर्ण झाला तो वस्तीत फिरून.

याचा फायदा कुणाला आणि अडचण कुणाला?

इथं विषय मार्कांच्या पलीकडे जातो. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधला पट्टा निषिद्ध क्षेत्र. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित क्षेत्र, म्हणजे तिथं बांधकामाला अटी लागतात. या रेषा ठरवायचा अधिकार जलसंपदा विभागाचा आहे. विद्यार्थ्यांच्या नकाशानं त्या बदलत नाहीत आणि बदलूही नयेत.

पण रेषा कुठून जाते यावर जमिनीचा भाव ठरतो, त्यामुळे त्याभोवती वाद आणि दबाव असणारच. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्या २०२० च्या अहवालात अतिवृष्टीबरोबरच पूरक्षेत्रातल्या बांधकामांचा मुद्दाही होता. त्याच्या पुढच्याच वर्षी २०२१ चा पूर आला आणि पाणी आणखी वर चढलं.

अशा वेळी 'इथं पाणी कधीच येत नाही' असं सांगून कुणी फ्लॅट विकत असेल, तर घेणाऱ्याकडे तपासायला काय असतं? शेजाऱ्याचा शब्द. त्या जागी गल्लीनिहाय, मोजलेल्या, तारीख असलेल्या खुणांचा नकाशा उघड उपलब्ध असेल तर भाड्यानं राहायला येणारा, दुकान टाकणारा, आई-वडिलांना तळमजल्यावर ठेवायचं का ठरवणारा, सगळ्यांनाच तो उपयोगी पडेल. तो कायदेशीर पुरावा नसेल. पण प्रश्न विचारायला आधार नक्कीच असेल.

आणि काहींना तो नको असेल. ज्यांचं घर आधीच त्या भागात आहे, त्यांना किंमत पडण्याची भीती वाटेल. ती भीती खोटी नाही. म्हणून नकाशा काढण्याआधी रहिवाशांना तो कशासाठी हे सांगणं आणि झाल्यावर आधी त्यांनाच दाखवणं, हा कामाचाच भाग आहे.

खरी अडचण कुठे आहे?

अडचण सॉफ्टवेअरची नाही आणि विद्यार्थ्यांच्या तयारीचीही नाही. शिवाजी विद्यापीठात भूगोल आणि पर्यावरणशास्त्र असे दोन्ही विभाग आहेत. राजारामपुरीपासून विद्यापीठ काही मिनिटांवर आहे. अडचण अशी की प्रोजेक्टला मार्क मिळाले की फाइलचं काम संपतं. ती कपाटात जाते आणि काही वर्षांनी रद्दीत. पुढच्या वर्षीची मुलं पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतात.

नकाशाला किंमत येते ती वर्षामागून वर्षं त्याच जागेची नोंद झाली की. एका वर्षाच्या खुणा म्हणजे माहिती. दहा वर्षांच्या खुणा म्हणजे पाणी सरकतंय का, नव्या भरावामुळे वळतंय का, याचं उत्तर.

त्यासाठी फार काही लागत नाही. कॉलेजांनी एकच साधा फॉर्म ठरवावा. गेल्या वर्षीचा नकाशा पुढच्या तुकडीच्या हातात द्यावा. नावं काढून तो सगळ्यांना पाहता येईल असा ठेवावा. एक प्रत महापालिकेच्या विभागीय कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. मार्क देताना बाइंडिंगऐवजी एवढंच विचारावं, की ही खूण तू स्वतः मोजलीस का?

तुमचं पर्यावरणाचं प्रोजेक्ट अजून व्हायचं असेल, तर यंदा पाऊस उघडला की टेप घेऊन आपल्याच गल्लीतून सुरुवात करा. भिंतीवरच्या पुराच्या खुणा रंग दिला की जातात. त्याआधी त्या मोजून घेतलेल्या बऱ्या.